बर्चची निगा माझ्या मुलाकडे जाऊ नये म्हणून

बिस्मिल्लाह. मी, इक्बाल हसन परकार, वय एकोणपन्नास, मूळ दापोली तालुक्यातला, सध्या बहरीनमध्ये बुदैया येथील एका व्हिलाचा माळी, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहितो. डोके ताळ्यावर आहे. हृदयाचे डॉक्टर बघत आहेत.

एक. गावचे घर आणि शिल्लक शरियतप्रमाणे पत्नी मसूदा, मुलगा राहील आणि मुलगी नाझिश यांना जावी. त्यांच्या हिश्श्यांत मी ढवळाढवळ करत नाही. मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत माझी मर्जी चालते. त्यातून आमच्या मशिदीचा वझूचा हौद दुरुस्त करावा.

दोन. छाटणीची कात्री ड्रायव्हर अझहर यांना द्यावी. कारण सांगतो. मालकीणबाईंनी, म्हणजे आमच्या मॅडमनी, परदेशातून बर्चचे रोप आणून काचेच्या थंड खोलीत लावले. फांद्या खाली लोंबलेल्या पाहून मला ते तहानलेले वाटले. आमच्याकडे मान टाकलेल्या रोपाला पाणीच घालतात. मी भरपूर पाणी घातले, फांद्या सुतळीने वर बांधल्या. एसी बघायला आलेले इंजिनिअर शिरीष बर्वे हसले. "परकार, सोडा हो त्यांना! या झाडाची जातच लोंबती. साल बघा, पांढरी, कागदासारखी सुटते. पानांना करवतीचे दाते. आपल्या भूर्जाचा भाऊबंद आहे हा." मी सुतळी सोडली, पण पाणी झाडाला मानवले होते. थंडीत पाने गळली तेव्हा अझहर म्हणाले, "इक्बालभाई, झाड खलास! आता तुम्ही पण यल्ला, घरी!" पुढे पालवी फुटली आणि त्यांनीच मॅडमना सांगितले, "ह्यांच्या हाताशिवाय हे जगायचं नाही." तेव्हापासून उन्हाळ्यात मला सुट्टी नाही. कात्री आता त्यांनी चालवून बघावी.

तीन. मॅडमवर राग नाही. मी जेवलो का, हे त्या रोज विचारतात. माझा पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे, हरवू नये म्हणून. आई वारली तेव्हा एसी बंद पडला होता. "झाड सावरू दे, मग जा," म्हणाल्या. खोडाला ओली फडकी गुंडाळता गुंडाळता मी आईचा जनाजा फोनवर पाहिला.

चार. झाड माझे नाही. त्याची निगा मात्र माझी आहे, आणि ती मी कोणालाही देत नाही. मॅडमनी राहीलचा व्हिसा काढला आहे. तो फोनवर खूश होता: "अब्बा, एक झाड तर सांभाळायचं!" बेटा, मलाही एकच झाड दिले होते.

पाच. इथे मेलो तर इथेच दफन करावे. नंतर मॅडमचा फोन येईल. त्या रडतील, आणि ते रडणे खरे असेल. राहीलने अदबीने सलाम करावा आणि नाही म्हणावे. मला ते एकदाही जमले नाही.

वरील मजकूर आमच्यासमोर वाचून सही केली:
शिरीष बर्वे, माहूज
ओवैस खतीब, उम्म अल हस्सम

इक्बाल हसन परकार
बुदैया, १४ मे २०२४