दलदलीतला चर

१४ सप्टेंबर, रविवार सकाळ

चि. गुंड्याला आत्याचे भरपूर आशीर्वाद. सूनबाईला त्याहून थोडे जास्त, कारण ती तुला सांभाळते.

तुझं पत्र मिळालं, घराचा नकाशाही मिळाला. खिडक्या मोठ्या काढल्यास ते बरं केलंस. नकाशाबद्दल पुढे लिहिते, आधी इकडची हालहवाल ऐक.

लॉन्ड्री बरी चालली आहे. म्हणजे आता बरी चालली आहे. मध्यंतरी इस्पितळाच्या चादरी पिवळट निघायला लागल्या होत्या. पांढऱ्या चादरींवर मी नाव कमावलं, आणि मेट्रनबाई स्वतः गठ्ठा घेऊन दारात उभ्या! म्हणाल्या, "या धुतल्यात, की नुसत्या भिजवल्यात?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. साबण बदलला, मशीनचे पाइप उघडून पाहिले, इस्त्रीवाल्या काकूंवर उगाच डाफरले. त्या काय ऐकून घेतात! म्हणाल्या, "माझ्या इस्त्रीला नावं ठेवण्याआधी विहिरीत डोकावा."

डोकावले, तर पाणी खोल गेलेलं आणि चहासारखं गढूळ. ऐन पावसाळ्यात!

आता तुला न सांगितलेली गोष्ट सांगते. विहिरीच्या वरच्या अंगाला आपली ती दलदलीची जागा आहे ना, जी मी तुला घरासाठी देऊ केली, तिच्यात मी उन्हाळ्यात एक लांबलचक चर खणून घेतला. तू येशील तेव्हा जमीन ठणठणीत कोरडी दिसावी आणि तुला सुखद धक्का बसावा, एवढाच हेतू. सगळं पाणी थेट ओढ्याला काढून दिलं. चिखल, लव्हाळे, बेडूक, कुणाच्या काय कामाचे, असं मला वाटायचं. डास कमी होतील, हा वर फायदा.

पण डास वाढले! चरात डबकी साचली. त्यांत मासे नाहीत, चतुर फिरकत नाहीत, मग डासांच्या पिल्लांना खाणार कोण? आणि एका मोठ्या सरीत खालच्या गल्लीतल्या चपलांच्या दुकानात पाणी शिरलं. दुकानदार जोडे डोक्यावर घेऊन उभा होता. आधी असं कधी झालं नव्हतं.

मी पाणी खात्यातल्या तपासनीस मुलीला बोलावलं. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली, बारीकशी पोरगी. विहिरीत एकदा पाहिलं आणि सरळ दलदलीत शिरली. लव्हाळ्यांखालचं एक ढेकूळ उपटून तिने माझ्या हातात दिलं.

"पिळा," म्हणाली.

पिळलं. पाणी निथळतच राहिलं. पंचा पिळावा तसं. मग चराकाठचं वाळलेलं ढेकूळ दिलं आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. ते जवळजवळ सगळं घरंगळून गेलं.

"पाऊस इथे थांबायचा आणि हळूहळू तुमच्या विहिरीत मुरायचा," ती म्हणाली. "तुम्ही त्याला पळवाट करून दिलीत."

"आणि गढूळ कशाने झालं?"

"लव्हाळ्यांच्या मुळांतून गढूळ पाणी सोडून बघा."

आव्हान दिलं की तुझी आत्या मागे हटते होय? मी तळाला भोकं असलेला क्रेट घेतला, त्यात लव्हाळ्यांचा मुळांसकट तुकडा बसवला, वरून ओढ्याचं गढूळ पाणी सोडलं आणि खाली पांढरं घमेलं ठेवलं. काकू म्हणाल्या, "चादरी सोडून चिखल धुताय?" पण थोड्या वेळाने त्याही स्टूल ओढून बसल्या. पाणी थेंबथेंब पडत होतं. अगदी नितळ नव्हे, पण गाळ वरच मुळांत अडकला होता. मी ते घमेलं उन्हात नेऊन कलवून कलवून पाहिलं. इतकी वर्षं या विहिरीचं पाणी चांगलं म्हणून मिरवले, पण ते चांगलं का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

सध्या चादरी टँकरच्या पाण्यात धुते, आणि रोज सकाळी दलदलीकडे जाते. परवा एका पाणकोंबडीची पिल्लं पाहिली, काळी कुळकुळीत, सगळी आईच्या मागे. मला पाहताच लव्हाळ्यांत गडप. तिथे बसलं की एकेक नवीन दिसतं. बुडबुडे कसले येतात ते अजून कळलेलं नाही, त्या पोरीला विचारायचं आहे.

बघ, किती लिहिलं, पण नकाशावर येत नाही. येते.

तुझं घर बरोब्बर तिथे आहे, बाळा. तुझ्या स्वयंपाकघराच्या खाली माझ्या विहिरीचं पाणी मुरतं. भराव टाकला की विहीर गेली, माझी लॉन्ड्री गेली, आणि दर पावसाळ्यात खालची गल्ली पाण्यात. ती जागा मी तुला देऊ शकत नाही.

तू जवळ राहायला यावंस, ही माझी इच्छा तुझ्या इच्छेपेक्षाही जुनी असेल. मी अख्ख्या गल्लीला सांगून बसले आहे, भाचा येतोय म्हणून. वहिनी गेल्यावर तुला मी वाढवलं, तेव्हा घर भरलेलं होतं. आता संध्याकाळी मशीन बंद केलं की घर खायला उठतं. तू रागावून तिकडेच राहिलास तर मी काय करणार, मला ठाऊक नाही. दुसरी जागा माझ्याकडे नाही. वरच्या दोन खोल्या आहेत, तुझ्या खिडक्यांपुढे त्या काहीच नाहीत. तरी विचार कर.

आणि एक. मी कालच माणसं लावून चर बुजवला. तुला विचारलं नाही. आधी विचारलं असतं, तर तू फोनवर नुसतं "आत्या" म्हणाला असतास आणि मी हो म्हणून मोकळी झाले असते.

तुझ्या हाकेला घाबरणारी,
आत्या