घशाचा बंदोबस्त

१५ फेब्रुवारी
यात्रा पुढच्या रविवारी. बैलगाडा शर्यतीच्या घाटावर माइक दरवर्षीप्रमाणे आपल्याकडं. अख्ख्या डिंगोऱ्यात दुसरं आहे कोण? तरी यात्रा कमिटीचे अध्यक्ष सयाजीअण्णा म्हणाले, "संपत, औंदा आवाज संभाळ राव. नायतर सरपंचांची हर्षाली हाय. कालेजात अँकरिंग करती." हसण्यावारी नेलं. पण आतून हललो. माइक गेला तर गावात मला विचारतो कोण?
रिस्क नको. आजपासून दही, केळी, पेरू, फॅन, ओले केस सगळं बंद. अख्ख्या घराला बंद. प्रतिभा म्हणाली, "माझे क्यास वले राह्यले तर तुमचा घसा कसा बसंल?" बायकोला सायन्स समजावणं अवघड.

१६ फेब्रुवारी
प्रतिभा न्हाऊन माझ्या शेजारून गेली. गार लागलं. ताबडतोब कानात कापूस.
संध्याकाळी हर्षाली रसवंतीवर बर्फ घालून उसाचा रस पिताना दिसली. लागोपाठ दोन ग्लास. मनात म्हटलं, पी बाई, पी.

१७ फेब्रुवारी
स्पीकर आणायला बहिरूच्या पिकअपमधून मढ गावाला गेलो. बहिरू आपला साउंडवाला, जुना दोस्त. त्याला लई सर्दी. नाक नुसतं गळतंय. पण घाबरायचं कारण नाही, त्याची सर्दी श्रीखंडाची. लग्नात वाट्यावर वाट्या रिचवल्या म्हणे. खाल्लं त्यानं, मला कशी होईल?
माळशेजकडचं वारं बाधू नये म्हणून जाता-येता काचा गच्च बंद. बहिरू उघडायला बघत होता, दटावला. माझे कान उघडे होते म्हणून त्याचीच माकडटोपी मागून घेतली. जरा ओलसर, पण उबदार. वाटेत चहा एकच सांगितला, एकाच बशीतून दोघांनी मारला. गरम चहा घशाला बरा.

१८ फेब्रुवारी
माइक टेस्टिंग. बहिरू हॅलो हॅलो करताना दोनदा माइकवरच शिंकला. मग मी घेतला, ओठांना टेकवूनच घ्यायची माझी स्टाइल. असा गरजलो की पलीकडच्या आळीतली कुत्री भुंकली.
नंतर बहिरू वाफ घेणार होता. खबरदारी म्हणून त्याच्याच घोंगडीत मीही डोकं घातलं. पातेलं एक, डोकी दोन. गॅस वाचला.

२० फेब्रुवारी, पहाटे
घसा खवखवतोय! तपास केला. रात्री प्रतिभानं कढी केली होती. मी शिवलो नाही, पण वास आलाच ना. लई बोललो तिला. म्हणते कशी, "बहिरूभावजींची टोपी घालून झोपता आन् कढीला नावं ठिवता व्हय?" टोपीनं सर्दी जाते, येत नाही. एवढी साधी गोष्ट.

२१ फेब्रुवारी
नाक चोंदलं. प्रतिभाही शिंकतेय. बघा! ओले केस. शेवटी माझंच खरं झालं. पडून राहते म्हणाली, पण काढा तिच्याच हातचा चांगला होतो म्हणून उठवली. सगळा मी प्यायलो. यात्रा माझी आहे, तिची नाही.
कमिटीची मीटिंग. आवाज राखायचा होता म्हणून प्रत्येकाच्या अगदी कानाशी जाऊन बोललो.

२२ फेब्रुवारी
आवाज ठार बसला. अण्णांचा फोन आला, मी हॅलो म्हटलं, त्यांना वाटलं रेंज नाही. शेवटी प्रतिभानं सांगितलं. अण्णाही शिंकत होते, अख्खी कमिटी शिंकतेय म्हणे. मीटिंगला फॅन चालू होता. मी तेव्हाच सांगणार होतो.

२३ फेब्रुवारी, रविवार, दुपार
माइक हर्षालीकडं. मला झेंडा. गाडा रेषेवर पोचला की झेंडा खाली टाकायचा, बास. आवाज लागत नाही. आंबेगावकडच्या पावण्यांचा गाडा सुटला, बैल निम्म्या घाटात, आणि मला शिंक आली. झेंडा पडला, तिकडं घड्याळ थांबलं, बारी फुकट. गाडामालक अंगावर धावून आला. माझी बाजू मांडायला तोंड उघडलं, आवाजच नाही. हर्षालीनं माइकवरून शांतपणे सांगितलं, "झेंडा शिंकेनं पडला आहे, मंडळी. बारी पुन्हा होईल." हजारो माणसं हसली. अण्णांनी पुढच्या वर्षीचा माइक तिथंच तिला जाहीर केला.
फितूर साले.

संध्याकाळ
घरी आलो. प्रतिभा दिवसभर ओसरीवर पडून स्पीकर ऐकत होती. वाटलं, ही तरी हळहळेल. म्हणाली, "लई बरं वाटलं ऐकून. इतक्या वर्षांत पयल्यांदा कळलं, कुणाचा गाडा आला आन् किती सेकंदात आला. तुमचं निस्तं वरडणं ऐकू यायचं. सगळं गाव तेच म्हनायचं, पर तुमाला सांगनार कोण?"
ताप डोक्यात गेला असणार म्हणून तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होतं.