कुंकवाची बाजू वर

२८ सप्टेंबर
स्प्रिंगा आल्या. मागच्या चाकांच्या, दोन. जादा वजनाच्या, ऑनलाइन मागवलेल्या. मागे तीन माणसं बसली की माझी गाडी बूड टेकते. तेवीस नोव्हेंबरला भाच्याचं, राजवर्धनचं, लग्न. उंब्रजहून आटपाडीला नवरदेव मामाच्या गाडीतून जाणार, असं मी चारचौघांत जाहीर केलं आहे. त्याचा चुलता दादासो याने नवी, उंच गाडी घेतली आहे. उंचीवर काही नसतं.
स्प्रिंगा स्वतः बसवणार. एक तासाचं काम. फौजेत बावीस वर्षं स्टोअरला काढली. हजारो सुटे भाग हाताखालून गेले. ते पुढे कुणी बसवले, हा प्रश्न गौण.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पाने, जॅक, विळा, कोयता आणि दोन स्प्रिंगा पाटावर उभ्या मांडल्या. दीपमालाने प्रत्येक स्प्रिंगेच्या वरच्या कड्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग म्हणाली, आवं, ह्यावरची अक्षरं उलटी दिसत्यात. बायकोला शांतपणे समजावलं. गाडीखाली उताणं झोपून मान मागे टाकली की ती सरळ दिसतात. कंपनी मेकॅनिकचा विचार करते. ती म्हणाली, तुमी अजून झोपलाय कुठं?
कुंकू लागलं ती बाजू वर. ठरलं.

५ ऑक्टोबर
आज बसवणार होतो. पाऊस.

१२ ऑक्टोबर
आज बसवणारच होतो. जॅक दादासोने नेला आहे. मागायला जाणं बरं दिसत नाही.

९ नोव्हेंबर, सकाळी ७
जॅक दीपमाला घेऊन आली. सुरुवात. एक तास.

९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०
बसवल्या. जेवण, विश्रांती आणि जॅक घसरला तो वेळ धरला नाही तर एकच तास. खालच्या वाटीत कडं बसत नव्हतं. लाथ मारल्यावर बसलं. उताणा झोपून अक्षरं वाचली. सरळ.
गाडी मागून उचलली गेली आहे. स्पोर्टी दिसते.

१० नोव्हेंबर
स्पीडब्रेकरवर मागून टंग असा आवाज. नवी चप्पलही चावते.

१४ नोव्हेंबर
आक्काला, म्हणजे राजवर्धनच्या आईला, बस्त्यासाठी सांगलीला नेलं. टंग वाढला आहे. आक्का मागे बसली होती. कराडपर्यंत बोलत होती. मग दांडी धरून बसली. इस्लामपूरला म्हणाली, माझं डोस्कं छताला लागतंय रं. परत येताना ती एसटीने आली. तिला एसटीची सवय आहे.

१५ नोव्हेंबर
यासीनच्या गॅरेजवर गेलो. दाखवायला नाही, हवा भरायला. तो वाकला आणि म्हणाला, मेजर, स्प्रिंगा उलट्या बसल्यात. नंबर उभ्या माणसाला सरळ दिसाया पायजे.
म्हटलं, खंडेनवमीला पूजा झाली आहे, कुंकवाची बाजू खाली कशी घालायची?
तो म्हणाला, पूजा माझ्या गॅरेजातबी होती. नारळ फुटला म्हणून नट उलटा फिरतोय व्हय? उद्या आणा, तासाभरात सरळ करतो.
यासीन माणूस चांगला आहे. पण फौजेत नव्हता.
हवेचे पैसे घेतले नाहीत. हे मला खटकलं.

२० नोव्हेंबर
राजवर्धन आला. गाडीभोवती फिरला. मामा, लय भारी दिसतीया, म्हणाला. दार उघडलं नाही. मग चपलेने माती उकरत म्हणाला, काकांनी फुलवाल्याला त्यांच्या गाडीचं माप दिलंय. आईच म्हणाली तसं.
मी म्हटलं, उत्तम. मला गर्दी आवडत नाही.
जेवण गेलं नाही. हवामानामुळे.

२२ नोव्हेंबर
सकाळी सहाला यासीनच्या दारात. त्याने काही विचारलं नाही. स्प्रिंगा काढल्या, पालथ्या केल्या, वाटीत कडं आपणहून बसलं. पन्नास मिनिटं. दीपमाला बरोबर आली होती. तिने आधी खालचं कुंकू पुसलं आणि मग वरच्या कड्याला नवं लावलं. म्हणजे हाही उपाय होता.
आवाज बंद. गाडी सरळ.
तिथूनच आक्काला फोन केला. म्हटलं, नवरदेवाची गाडी तयार आहे. ती म्हणाली, फुलं लागली रं दादासोंच्या गाडीला. तू वाजंत्री घेऊन ये.

२३ नोव्हेंबर
आटपाडीला पोचलो. सगळ्यांत शेवटी.
पुढे दीपमाला. मागे आकाराम हलगीवाला आणि त्याची दोन माणसं. डिकीत ताशे. विट्यापर्यंत तिघेही झोपले. पुढचा रस्ता खणून ठेवलेला आहे. कुणी जागं झालं नाही.
आटपाडी जवळ आल्यावर आकाराम उठला. मेजर, पाण्यावानी चालतीया गाडी, म्हणाला. कुणी बसवल्या स्प्रिंगा?
मी म्हणालो, मी.
दीपमालाने काच खाली केली आणि बाहेर बघायला लागली.
आकाराम म्हणाला, मग नवरदेव का न्हाई बसला ह्यात?
समोर स्पीडब्रेकर होता. मी मुद्दाम वेग कमी केला नाही. एक आवाज झाला असता तर बोलणं तिथेच तुटलं असतं.
गाडीने आवाज केला नाही.