पंच्याऐंशी नको, पन्नास

बाबा, मी पन्नास एमएमची लेन्स घेतली. पोर्ट्रेटसाठीच. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला असतात, "पंच्याऐंशी सोडून पन्नास? पिसें लागलां गो तुका?" म्हापशाच्या दुकानदारानेही तेच सुचवलं, फक्त गोड शब्दांत. त्याने माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर पंच्याऐंशीची लेन्स चढवून दिली आणि मी दारातून समोर पाव विकणाऱ्या पोदेराचा फोटो काढला. मागचा बाजार विरघळून गेला, चेहरा लोण्यासारखा मऊ आला. सुंदरच होता. मी लेन्स काढून त्याच्या हातात दिली आणि पन्नासची मागितली.

डिचोलीच्या तुमच्या स्टुडिओत गिऱ्हाईक कॅमेऱ्यापासून सात-आठ फुटांवर बसायचं. "फोटोंत मनीस बरो दिसूंक जाय," हे तुमचं एकच तत्त्व. बरो म्हणजे उजळ, गुळगुळीत, कुणाच्याही सारखा. खाणीवरून आलेल्या माणसांना तुम्ही आधी तोंड धुवायला लावायचात, आणि धुवूनही जे राहायचं ते ब्रशने घालवायचात. तो ब्रश पुढे माझ्या हातात दिलात.

पाळी गावची ती मुलगी आली तेव्हा मी दहावीत होते. तिचा बाप खनिजाचा ट्रक चालवायचा, माणसं मूळची सावंतवाडीकडची. फोटो लग्नाच्या स्थळासाठी हवा होता. तिच्या डाव्या पापणीपासून गालापर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. तुम्ही प्रिंट माझ्यासमोर ठेवलीत आणि म्हणालात, "हें भर." मी एक अख्खी दुपार बसून तो डाग भरला. तुम्ही प्रिंट उजेडात धरलीत आणि पहिल्यांदाच म्हणालात, "बरें केलें." मी किती दिवस हवेत होते, तुम्हाला माहीतही नसेल.

फोटो पसंत पडला. पाहुणे आले, मुलीला पाहिलं आणि चहाला हात न लावता उठून गेले. दोन दिवसांनी तिचा बाप स्टुडिओत उभा. ओरडला नाही. "तुमी माझ्या चेडवाचा तोंड कित्याक बदललात?" एवढंच विचारलं. मी पडद्यामागे होते. माझं नावही न घेता तुम्ही म्हणालात, "तिच्या बऱ्याखातीर केलें. काम म्हजें, किदें आसा तें म्हाका सांग." त्याने प्रिंट काउंटरवर पालथी ठेवली आणि तो निघून गेला. मग पडदा सारून तुम्ही मला म्हणालात, "लोकांक खरें नाका आसता." मी मान हलवली.

आज नाही हलवत. लोकांना काय हवंय ते तुम्ही कधी विचारलंच नाहीत, बाबा. तिला विचारलं नाहीत, आणि मीही नाही.

गेल्या महिन्यात तुयेच्या एका कारखान्यात कामगार बायकांचे फोटो काढायला गेले होते. तिथे ती भेटली. आता सुपरवायझर आहे, डाग मानेवर उतरलाय. तिनेच मला ओळखलं. "डिचोलीच्या स्टुडिओतला चेडू मां तू?" ती म्हणाली, त्या फोटोनंतर ती एकटी कधी कॅमेऱ्यापुढे बसली नाही. "आता काढ. जसा आसा तसा काढ."

पंच्याऐंशी असती तर मला भिंतीपर्यंत मागे जावं लागलं असतं, आणि मशीनच्या आवाजात तिचा एक शब्द ऐकू आला नसता. मी स्टूल ओढून तिच्या गुडघ्याजवळ बसले. ती बोलत राहिली. पेडण्याचा एक माणूस, फोटो न बघता थेट घरी आलेला, त्याच्याशी झालेलं लग्न. सांगताना ती हसली आणि मी बटण दाबलं. फोकस तिच्या पांढऱ्या पापणीवर. डागाची कड न् कड स्पष्ट. मी काहीही पुसलं नाही, पुसणारही नाही. तुमचे ते सात-आठ फूट मी मोडून टाकलेत.

तिने स्क्रीन बराच वेळ पाहिला. "नाक जरा मोठा इला," म्हणाली. "ऱ्हवांदे."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. निघताना तिने विचारलं, "तो डाग तुझ्या बापाशीन पुसलेलो मां?"

मी होय म्हटलं.