शिकवलेले दुखणे

सोमवार
आज नव्या कामावर रुजू झालो. मुदतीआधी निवृत्त झाल्यापासून घरात माझी अडगळीतली खुर्ची झाली होती. पुन्हा इस्त्रीचा सदरा घालून निघताना फार बरे वाटले. काम सोपे आहे. परिचर्या महाविद्यालयाच्या वरच्या वर्गातील विद्यार्थिनींसमोर रुग्णाचे सोंग घ्यायचे. त्यांनी आजाराचा इतिहास विचारावा, अंग तपासावे. मी शिकवलेले दुखणे सांगावे. ते असे: श्वास घेताना डाव्या कुशीत टोचते, ताप, घाम. विचारले तेवढेच बोलायचे आणि शेवटी उजवा हात वर करायचा. हात कशासाठी, असे विचारता शिक्षिकाबाई म्हणाल्या की ते त्यांच्या आधीच्या बाईंपासून चालत आले आहे. फार खरे वाटते, म्हणून ठेवले. पत्नीचे म्हणणे असे की जन्मभर दुखत असताना नाही म्हणालात, आता न दुखता हो म्हणा, म्हणजे फिट्टंफाट.

बुधवार
विद्यार्थिनी शिस्तीच्या आहेत. आधी पाहणे, मग चाचपणे, बोटाने ठोकणे, शेवटी नळीने ऐकणे. क्रम चुकला की बाई डोळे वटारतात. मला हे मनापासून आवडले.
एका चष्मेवालीने घरी कोण कोण असते, असे विचारले. मी सहज सांगून गेलो की मुलगी येते, पण दाराशीच उभी राहते. बाईंनी माझ्या कल्पकतेची वाखाणणी केली. वस्तुतः ही कल्पना माझी नव्हती. मला मूलबाळ नाही.

शुक्रवार
चष्मेवालीने पाठ ठोकली. उजवीकडे पोकळ आवाज. डावीकडे, खाली, भरल्या माठासारखा बद्द. तिने तसे सांगताच बाईंनी तिलाच झापले: चेहऱ्याचे सोंग आणता येते, ठोक्याचे नाही, आधी स्वतःचे कान तपासून घे. सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. तो आवाज मीही ऐकला होता.

शनिवार
बाहेरच्या डॉक्टरांनी छाती स्वच्छ असल्याचा निर्वाळा दिला. पत्नी म्हणते, सोंग अंगात भिनले. असेलही. मात्र वर्गातल्या त्या तपासणीच्या खाटेची आठवण आली तरी टोचते.

सोमवार
खोली झाडणाऱ्या मावशींकडे माझ्या आधी हे सोंग घेणाऱ्या गृहस्थांची चौकशी केली. केरसुणी न थांबवता त्या म्हणाल्या, कुठे जातील, ह्याच खाटेवर गेले. हात वर करणे ही सोंग थांबवण्याची खूण होती. परीक्षेत त्यांनी तो वर केला. पोरींना वाटले, काय हुबेहूब वठवतात! लेक न्यायला आली होती. परीक्षा चालू म्हणून तिला दाराबाहेरच थोपवले.
उद्या परीक्षा आहे. येतो म्हणून बाईंना शब्द दिलेला आहे.

मंगळवार
दोन परीक्षार्थिनींच्या मधल्या वेळात लिहितो. श्वास अर्धाच येतो. पहिलीपुढे हात वर केला — खरोखरीच. तिला शाबासकी मिळाली. बाईंना म्हणालो, हे सोंग नाही. त्या म्हणाल्या, छान, हे वाक्यही ठेवा.

चष्मेवालीचा क्रमांक अजून — तिचे कान — ती ओळखेल —

उजवा हात आपोआप वर. खाली येत नाही. डाव्याने लिहि—

दाराशी उभी आहे. आत येऊ देत नाहीत म्हणते. बाबा, चला म्हणते. मला कोणी बाबा — कधीच — तरी मी तिला ओ