एकोणतीस थेंब

विश्रांतवाडी,
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

सागवानी स्टँड, सोळा बाटल्यांची मांडणी, आचेवर ओढून टोक काढलेला काचेचा ड्रॉपर, सोसायटीच्या फाटकाजवळचा काळा फळा आणि त्यावरचं पत्र्याचं छप्पर. एवढं मी या दोन हातांनी केलं. विकत आणली ती फक्त तपासणीची औषधं. नोकरी सुटल्यापासून दिवसभर करतोस काय, असं तू भाऊबीजेला विचारलंस, त्याचं हे उत्तर. फोनवर तुझं कानातलं यंत्र शिट्टी घालतं, म्हणून लेखी.

कॉलेजात एक दिवस न जाता पुस्तकं वाचून शिकलो, पण रीत सोपी आहे. पाण्यात एक औषध टाकलं की ते गुलाबी होतं. मग निळं होईपर्यंत दुसऱ्याचे थेंब मोजत सोडायचे. एक थेंब म्हणजे जडपणा वीस. आमच्या बोअरचं पाणी पूर्वी बावीस थेंब घ्यायचं, म्हणजे चारशे चाळीस. गेल्या वर्षी गणपतीत जुना ड्रॉपर फुटला, नवा केला, आणि त्याच सुमारास पाणी बिघडलं. आता बत्तीस थेंब. सहाशे चाळीस! सहाशेच्या वर गेलं तर पाणी मऊ करायचं यंत्र बसवायचं, असं सोसायटीचं ठरलेलं. अकरा लाखांचं आहे. तेवीस तारखेच्या सभेत मतदान.

रोज सकाळचा आकडा मी फळ्यावर लिहितो. तिथे चारशे चाळीस होतं तेव्हा सहा वर्षं कुणी मान वर करून पाहिलं नाही. आता रविवारी लोक आपापल्या नळाच्या बाटल्या घेऊन घरी येतात. काल अकरा जण होते. चौथ्या मजल्यावरच्या विमलाबाई तर निकाल लागेपर्यंत बसतात. आधी गीझरला धरलेल्या पांढऱ्या थराचं सांगतात, मग सुनेचं. कप पुरेनात म्हणून सहा नवे आणले.

तुझ्या नळाचं पाणी आणलं होतं, त्याचा निकाल : सहा थेंब, एकशे वीस. तीन वर्षांपूर्वी चार होते, ऐंशी. शनिवार पेठेचंही पाणी घसरलं म्हणायचं.

लोभ आहेच, तो फळ्यावर लिहून दाखवायची पाळी येऊ नये.

तुझा,
शरच्चंद्र


शनिवार पेठ,
७ नोव्हेंबर

चि. शरद यास पद्मजाचे अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला लोक साडी आणतात. तू रिकामी बाटली आणलीस आणि माझ्याच नळावर भरून नेलीस. शेजारी अजून विचारतात, भावाने काय घातलं म्हणून. मी सांगते, नेलं.

सहा कप आणलेस हे वाचून मात्र बरं वाटलं. आई गेल्यापासून तुझ्या घरात दोनच कप होते, आणि त्यातला दुसरा कधी विसळावा लागला नसेल.

आता एक सांगते, रागावू नकोस. माझं पाणी बदललेलं नाही. पस्तीस वर्षं त्याच पातेल्यात तुरीची डाळ शिजवतेय. तुझ्याकडे राहिले होते तेव्हा तीच डाळ तासाभरात गळली नव्हती. इथे पंचवीस मिनिटांत गळते. तीन वर्षांपूर्वी पंचवीस, काल घड्याळ लावून बसले, पंचवीस. पातेल्याला थर नाही. पाणी तेच असताना थेंब कसे वाढले? गणपतीत काय बदललं, पाणी की तुझी नळी?

पत्रात खाडाखोड चालेल, पण लिहीत जा. तुझं अक्षर दिसलं की दिवस जातो.

ताई


विश्रांतवाडी,
११ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डाळीवरून पाण्याची परीक्षा करणारी तू पहिलीच. डाळ जुनी-नवी असते, आच कमी-जास्त असते. माझ्याकडे सात वर्षांच्या वह्या आहेत. विषय संपला.

शरच्चंद्र


(पोस्टकार्ड)
१४ नोव्हेंबर

चि. शरद, आशीर्वाद. एवढा राग आला म्हणजे अजून तपासलेलं नाहीस.
ताई


विश्रांतवाडी,
२४ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप ताईस,
सा. न. वि. वि.

सतरा तारखेला तपासलं. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात आहे : एक मिलिलिटर भरायला ड्रॉपरचे वीस थेंब. इंजेक्शनची नळी घेऊन नव्याचे मोजले. एकोणतीस. पुन्हा मोजले. एकोणतीस. तिसऱ्यांदाही.

नव्याचं टोक मी फार बारीक ओढलं होतं. तेव्हा त्याचाच अभिमान वाटला होता. थेंब लहान पडायचा, म्हणून जास्त लागायचे, आणि मी प्रत्येक थेंब वीसचाच धरत होतो. पाणी बिघडलंच नव्हतं. चारशे चाळीस होतं, तेवढंच आहे. तुझं ऐंशी. डाळ बरोबर होती.

फळा लगेच पुसला नाही, हेही लिहितो. पाच दिवस तसाच ठेवला. शनिवारी सकाळी पुसून लिहिलं : चारशे चाळीस. चौदा महिन्यांचे आकडे चुकीचे होते. चूक माझी, पाण्याची नाही.

काल सभेत यंत्र नामंजूर झालं. अध्यक्ष जयसिंगराव म्हणाले, अकरा लाख वाचवलेत, आणि माझे आभार मानले. मग विचारलं, आता रोज तपासायची गरज आहे का. मी म्हटलं, तशी नाही. कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर पाच मिनिटं थांबले तरी असते.

काल रविवार असून एकही बाटली आली नाही. विमलाबाई जिन्यात भेटल्या, घाईत होत्या. कप पुसून खोक्यात ठेवले. ड्रॉपरचं टोक घासून वीस थेंबांवर आणलं आहे. आज सकाळी बावीस भरले. फळ्यावर लिहिलं.

येत्या रविवारी तुझ्याकडे येतो. बाटली आणणार नाही. डाळ शिजत घाल, मी घड्याळ लावतो.

मोजण्यात चुकलो, म्हणून लोभात कपात करू नये.

तुझा,
शरद

ता. क. : यंत्र विकणाऱ्या कंपनीचा आमोद दीक्षित अठरा तारखेला आला होता. त्याला चूक मी आधीच सांगितली. तो म्हणाला, सभेपर्यंत फळा तसाच राहू द्या. यंत्राबरोबर फाटकाशेजारी तपासणीची खोली बांधून देतो, दारावर तुमचं नाव, रोज सकाळी दोन तास रहिवाशांच्या बाटल्या तपासायच्या, त्यांना बसायला आठ खुर्च्या. चार दिवस मी त्या खुर्च्यांचाच विचार केला. मग नको म्हणून कळवलं. दरमहा बारा हजार पाचशे देणार होते.