डाळ मिल अंबिकाला का दिली

मी, संगप्पा मडिवाळप्पा हलकुडे, वय वर्षे ७४, धंदा डाळ मिल, राहणार लातूर, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. मला साखर आहे, गुडघे गेलेले आहेत, पण डोके जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून वळवलेले नाही. मला किळस आली आहे म्हणून लिहितो, आणि त्या किळसेतला मोठा वाटा माझ्या स्वतःबद्दलचा आहे. २०१८ साली केलेले मृत्युपत्र, ज्यात सगळी मिल मुलगा रुद्रेशच्या नावे होती, ते आजपासून रद्द समजावे.

१. राहते घर पत्नी उमाबाई हिच्या नावे. ती असेपर्यंत त्यात कोणी खिळा ठोकायचा झाला तरी तिला विचारूनच ठोकावा.

२. मिलची जागा, इमारत व यंत्रसामग्री ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. ती मी मुलगी अंबिका हिला देत आहे. रुद्रेश कोर्टात जाईल हे मला माहीत आहे, म्हणून कारण सविस्तर लिहितो.

मिल १९८१ साली सुरू झाली. पहिल्याच वर्षी उमाबाईने एक प्रथा घातली. दर शनिवारी काम सुटताना डाळ निवडणाऱ्या प्रत्येक बाईला हळदीकुंकू लावून तिच्या ओटीत डाळीची कणी, म्हणजे भरडताना तुटलेला चुरा, घालायची. मुसलमान बायकांना कुंकू नाही, पण ओटी तेवढीच. उमाबाईला दम लागू लागला तेव्हा ते काम शिवगंगाबाईंकडे गेले. त्या आमच्याकडे सव्वीस वर्षे मुकादम होत्या. डाळीत खडा राहिला तर आधी स्वतःला शिव्या घालायच्या, मग दुसऱ्याला. या बायका आमच्याकडे का टिकल्या हे मला कोणी विचारले की मी छाती फुगवून माझा स्वभाव सांगायचो. स्वभाव कसला? कारण ती ओटी होती.

तीन वर्षांपूर्वी कारभार रुद्रेशकडे दिला. त्याने पुण्याहून एक सल्लागार आणला. माणसे कशी टिकवावीत हे शिकवायला, म्हणे! त्या गृहस्थाने साठीच्या बायकांना फुगे फुगवायला लावले. गेटवर 'आपण सारे एक कुटुंब' असा फलक लावला, वर कॅमेरे बसवले. ऑफिसात 'महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी' म्हणून चौकट टांगली आणि पहिला फोटो शिवगंगाबाईंचा लावला. इथपर्यंत मी हसत होतो.

मग त्याच सल्लागाराने कणी म्हणजे गळती आहे असे सांगितले. ओटी बंद झाली. त्याच शनिवारी, कुटुंबाच्या फलकाखाली, नव्या वॉचमनने सुटून निघालेल्या बायकांना ओटी झटकून दाखवायला लावली. पहिल्या शिवगंगाबाई होत्या. रुद्रेश मोबाईलमध्ये बघत उभा होता. मी दहा पावलांवर खुर्ची टाकून बसलो होतो.

त्यांनी ओटी सोडली. आत चष्मा आणि बसचा पास होता. त्या वॉचमनला म्हणाल्या, "बघितलंस न्हवं? आता फलक वाच." आणि निघून गेल्या. सोमवारी बावीस बायका आल्या नाहीत. तूर भरडणाऱ्या रोलच्या आवाजावरून तिचा ओलावा सांगणारे आमचे मिस्त्री जहांगीरभाई, एकतीस वर्षांचा माणूस, त्याच आठवड्यात उदगीरच्या मिलवर गेले. शिवगंगाबाईंचा फोटो मात्र अजून ऑफिसातल्या चौकटीत आहे.

रुद्रेश म्हणतो, "पप्पा, माणसं येतात, जातात. आपण सिस्टीम उभी करायलोत." त्याच्या सिस्टीममध्ये आता दर दोन महिन्यांनी नवी माणसे येतात आणि डाळीतून खडे जातात.

अंबिका क्लासच्या मुलांसाठी मेस चालवते. नऊ वर्षांत तिची एकही स्वयंपाकीण गेलेली नाही. मी कारण विचारले तर म्हणाली, "मुलांना वाढते तेच त्या जेवतात, आणि मुलांच्या आधी जेवतात. बाकी काय न्हाई, पप्पा." तिने फलक लावलेला नाही. म्हणून मिल तिला.

अंबिकाने गेटवरची झडती पहिल्याच दिवशी बंद करावी. कोणी काम सोडले तर त्याच्या घरी जाऊन कारण विचारावे, पूर्ण ऐकावे आणि तिथे आपली बाजू मांडू नये. मांडावीशी वाटेलच. ते आपल्या घराण्यात आहे.

३. रुद्रेशला बाजारपेठेतले भाड्याने दिलेले दोन गाळे. त्यांना नोकर लागत नाही. फलक, कॅमेरे व फुग्यांचे उरलेले पुडके हेही त्यालाच. मुलगा म्हणून माझी माया आटलेली नाही, पण माणसांवर त्याला ठेवणे मला पाप वाटते.

४. मला माती देण्याच्या दिवशी मिलला सुट्टी द्यावी, पण कामगारांना निरोप पाठवू नये. रुद्रेश तिथे हजेरी घेईल अशी मला भीती आहे.

५. साक्षीदारांविषयी. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष करू नये, असे वकील रेवणसिद्ध यांनी सांगितले. म्हणून जहांगीरभाई व शिवगंगाबाई यांना मी काहीही ठेवलेले नाही. मला त्या दोघांची सही हवी होती. जहांगीरभाई आले. म्हणाले, "सही करतो सेठ. मिलमंदी येनं तुमच्यासाठी व्हनार न्हाई. अंबिकाताईनं बोलावलं तर बघू."

शिवगंगाबाईंकडे मी काल स्वतः रिक्षाने गेलो. त्यांनी पाणी दिले, बसायला सतरंजी टाकली, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मालक, त्या दिशी गेटवर तुमी व्हताव. समदं डोळ्यानं बघितलाव. तवा माझ्या बाजूनं एक शब्द निघाला न्हाई तुमच्या तोंडातून. आता तुमच्यासाठी मी कशाला बोलू?"

त्यांचे हे शब्द मी वकिलांना जसेच्या तसे सांगितले. मृत्युपत्रात असे लिहीत नसतात, असे वकील म्हणाले. मी ते लिहायला लावले आणि दोनदा वाचून घेतले.

ठिकाण: लातूर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

सही: संगप्पा मडिवाळप्पा हलकुडे

साक्षीदार
१. जहांगीर, मिस्त्री, हल्ली मुक्काम उदगीर.
२. बालाजी सटवाजी, रिक्षाचालक, लातूर. शिवगंगाबाईंनी सही नाकारल्यामुळे यांची घेतली. त्या बोलल्या तेव्हा हे दारात उभे होते, आणि वर लिहिलेले त्यांचे शब्द बरोबर आहेत असे सांगतात.